‘चेक’ या शब्दाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंग्रजी शब्दांची मुळं शोधणाऱ्या वाचकांकडून सर्वांत जास्त प्रश्न येतात ते ‘चेक’बद्दल. शब्द रोजच्या वापरातला, आणि अर्थ मात्र एकमेकांना न ओळखणारे. प्रश्न सोप्याकडून अवघडाकडे लावले आहेत. एका उत्तरात आलेली गोष्ट दुसऱ्यात पुन्हा सांगितलेली नाही, फक्त प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. स्पेलिंग महत्त्वाचं आहे तिथे अक्षरं सुटी लिहिली आहेत.

१. शर्टावरचे चेक्स, बँकेचा चेक आणि ‘एकदा चेक करून बघ’, हे तिन्ही एकच शब्द आहेत की नुसते सारखे दिसतात?

एकच. तिन्हींचं मूळ बुद्धिबळाच्या पटावर आहे. समोरच्याच्या राजावर हल्ला केला की खेळाडू ‘राजा!’ असं म्हणून त्याला सावध करायचा. फारसीत राजा म्हणजे ‘शाह’. हा शब्द अरबी, मध्ययुगीन लॅटिन आणि जुनी फ्रेंच असा प्रवास करत इंग्रजीत पोचला आणि तिथे ‘चेक’ झाला.

पुढे त्याला दोन फाटे फुटले. खेळातल्या कृतीवरून अडवणं, आवरणं, तपासणं हे अर्थ आले, आणि खेळाच्या पटावरून चौकड्यांची नक्षी आली. बँकेचा चेक पहिल्या फाट्यावरचा, पण त्याचं स्पेलिंग दुसऱ्या फाट्यावरून उचललेलं. तो गुंता प्रश्न ९ मध्ये सोडवला आहे. या सगळ्या गोतावळ्याबाहेरचा ‘चेक’ म्हणजे युरोपातल्या त्या देशाचं नाव (प्रश्न १५).

२. ‘शाह’चा ‘चेक’ होईलच कसा? उच्चारात काहीच साम्य नाही.

एकदम उडी मारली तर नाहीच. पायऱ्या पाहिल्या की पटतं. लॅटिन लिहिणाऱ्यांना ‘शाह’च्या शेवटचा ‘ह’ झेपला नाही, त्यांनी त्याचा ‘क’ केला आणि शब्द ‘स्काकुस’ असा बसवला. फ्रेंचांना शब्दाच्या सुरुवातीचं ‘स्क’, ‘स्त’ जड जायचं, म्हणून ते पुढे ‘ए’ लावायचे. आपल्याकडे काही जण स्कूलचं ‘इस्कूल’ करतात, तोच प्रकार. फ्रेंचमध्ये मधला ‘क’ मऊ होऊन ‘च’ झाला आणि शब्द ‘एश्चेक’च्या जवळपास आला. इंग्रजांनी तो घेताना पुढचा भाग कापून टाकला. उरला ‘चेक’.

जर्मनमध्ये बुद्धिबळाला ‘शाख’ म्हणतात आणि रशियनमध्ये ‘शाखमाती’. त्या भाषांत मूळ शब्द अजून ओळखू येतो.

३. मग आपला ‘शह’ कुठून आला? इंग्रजीतून?

नाही. आपला ‘शह’ सरळ फारसीतून आला, ‘शाह’चं आखूड रूप ‘शह’ फारसीतच होतं. म्हणजे मराठीतला ‘शह’ आणि इंग्रजीतला ‘चेक’ ही एकाच आईची लेकरं. एक दख्खनेत वाढलं, दुसरं युरोपभर भटकून इंग्रजांबरोबर आपल्या दारात आलं. आज बुद्धिबळाच्या वर्गातली मुलं ‘चेक!’ म्हणतात आणि त्यांचे आजोबा ‘शह!’ म्हणतात. दोघेही फारसीच बोलत असतात.

इंग्रजीत हा शब्द पटावरून उठून तपासणीच्या कचेरीत गेला. मराठीत तो पटावरून उठून राजकारणात गेला. ‘शह-काटशह’ हा शब्द निवडणुकीच्या दिवसांत वर्तमानपत्रांतून जितका दिसतो, तितका खेळाच्या पानावरही दिसत नाही.

एक सावधगिरी हिंदी वाचणाऱ्यांसाठी. हिंदीत ‘किसी की शह पर’ म्हणजे कुणाच्या तरी फूस लावण्यावरून, पाठबळावर. मराठीत ‘शह देणे’चा अर्थ जवळजवळ उलट, म्हणजे समोरच्याची कोंडी करणे. हिंदी बातमीचा घाईत मराठी अनुवाद करताना इथे हमखास घोटाळा होतो.

४. बुद्धिबळाला इंग्रजीत ‘चेस’ म्हणतात. तो शब्द वेगळा आहे ना?

तोही हाच. जुन्या फ्रेंचमधल्या ‘एश्चेक’चं अनेकवचन ‘एश्चेस’, आणि त्याचंच इंग्रजी ‘चेस’. शब्दशः पाहिलं तर ‘चेस’ म्हणजे ‘अनेक शह’ किंवा ‘अनेक राजे’.

गंमत अशी की खेळ मूळचा भारतीय. आपल्या ‘चतुरंग’चं इराणात ‘चतरंग’ झालं आणि अरबांकडे ‘शतरंज’. स्पॅनिशमधलं ‘आखेद्रेस’ हे बुद्धिबळाचं नाव या शतरंजवरूनच आलं. फ्रेंच, इटालियन, जर्मन, इंग्रजी यांनी मात्र खेळाचं नाव बाजूला ठेवलं आणि खेळताना कानावर पडणारी आरोळी उचलली.

५. ‘चेकमेट’मधला ‘मेट’ म्हणजे काय? ऑस्ट्रेलियन लोक मित्राला म्हणतात तो?

तो नाही. मित्र या अर्थाचा ‘मेट’ जर्मन कुळातला. मुळात एकत्र जेवणारा सोबती असा त्याचा अर्थ, आणि मांसाला जो इंग्रजी शब्द आहे तो त्याचाच नातलग. बुद्धिबळातला ‘मेट’ म्हणजे आपली ‘मात’. ‘शाह मात’चं ‘चेकमेट’ झालं.

‘मात’चा अर्थ काय, यावर मात्र दोन मतं आहेत. जुनं आणि लोकप्रिय मत असं की अरबीत ‘मात’ म्हणजे मेला, म्हणून ‘राजा मेला’. दुसरं मत फारसीकडे बोट दाखवतं. तिथे ‘मात’ म्हणजे हतबल, गोंधळून जागच्या जागी थिजलेला. मला दुसरं अधिक पटतं, कारण बुद्धिबळात राजा मरत नाही, त्याला पटावरून उचलतही नाहीत. पळायला जागा उरली नाही की डाव संपतो. मराठीतलं ‘संकटावर मात केली’ हेही याच घरातलं.

६. ‘राजा धोक्यात आहे’ या अर्थापासून ‘तपासून बघ’ इथपर्यंत गाडी कशी आली?

टप्प्याटप्प्याने. शह बसला की खेळाडूचे बाकीचे सगळे बेत थांबतात, आधी राजा वाचवावा लागतो. त्यावरून ‘चेक’ला कोणतीही अचानक आलेली अडवणूक असा अर्थ चिकटला. चौदाव्या शतकातल्या इंग्रजीत तो आहेच. तिथून लगाम घालणे, आवरणे हा अर्थ आला. सत्तेवर अंकुश ठेवणाऱ्या यंत्रणांबद्दल बोलताना इंग्रजीत हा शब्द येतो तो याच अर्थाने. आइस हॉकीत समोरच्याला अंगाने धडक देऊन अडवतात, त्यालाही ‘चेक’च म्हणतात.

आवर घालायचा तर लक्ष ठेवावं लागतं, आणि लक्ष ठेवायचं तर पडताळून पाहावं लागतं. सतराव्या शतकापर्यंत ‘खरं-खोटं ताडून पाहणे’ हा अर्थ रुळला. आपण मराठीत ‘पेपर चेक केले’, ‘बीपी चेक केलं’ म्हणतो ते हे शेवटचं टोक. अडवण्याचा अर्थ मराठीने इंग्रजीतून घेतलाच नाही. गरज नव्हती, ‘शह’ घरात होता.

७. चौकड्यांच्या कापडाला ‘चेक्स’ का म्हणतात?

कारण ते बुद्धिबळाच्या पटासारखं दिसतं. पटाला जुन्या फ्रेंचमध्ये ‘एश्चेकिये’ म्हणत, त्यावरून इंग्रजीत ‘चेकर’, आणि ते आखडून कापडापुरतं ‘चेक’. मोटारशर्यतीच्या शेवटी फडकवतात त्या काळ्यापांढऱ्या झेंड्याचं नावही याच ‘चेकर’वरून आहे.

८. ब्रिटनच्या अर्थमंत्र्याला ‘चॅन्सेलर ऑफ द एक्स्चेकर’ म्हणतात. त्यात ‘चेकर’ आहे, हा योगायोग का?

योगायोग नाही. या सगळ्या कहाणीतला माझा सर्वांत आवडता भाग हाच.

बाराव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये प्रत्येक परगण्याचा शेरीफ वर्षातून दोनदा, ईस्टरला आणि मायकेलमसला (सप्टेंबरअखेरचा ख्रिस्ती सण), राजाच्या खजिन्यापुढे हिशेब द्यायला यायचा. हिशेब रोमन आकड्यांत, आणि रोमन आकड्यांत बेरीज-वजाबाकी करणं म्हणजे शिक्षाच. शिवाय समोरचा शेरीफ निरक्षर असण्याची शक्यता. म्हणून हिशेब डोळ्यांना दिसेल अशी सोय केली होती. सुमारे दहा फूट लांब आणि पाच फूट रुंद मेज, त्यावर काळं कापड, त्यावर आखलेल्या रेघा. रकाने पेनी, शिलिंग, पौंड, वीस पौंड, शंभर पौंड असे चढत जाणारे. रकान्यांत सोंगट्या मांडायच्या: वर येणं रक्कम, खाली जमा रक्कम. फरक सगळ्यांच्या डोळ्यांसमोर.

हे मेज बुद्धिबळाच्या पटासारखं दिसायचं म्हणून त्याला लॅटिनमध्ये ‘स्काकारियुम’, म्हणजे पट, असं नाव पडलं. मेजावरून त्या कचेरीचं नाव, कचेरीवरून खात्याचं. राजाचा खजिनदार रिचर्ड फिट्झनील याने ११७० च्या दशकाच्या अखेरीस या कचेरीचं सविस्तर वर्णन लिहून ठेवलं. तो म्हणतो की इथेही पटासारखीच लढाई असते, एका बाजूला खजिनदार आणि दुसऱ्या बाजूला शेरीफ. वसुली कमी भरलेल्या शेरीफची मनःस्थिती आपल्याकडच्या जुन्या देशमुख-पाटलांना बरोबर कळली असती.

स्पेलिंगमधला ‘एक्स’ चुकीने घुसलेला आहे. फ्रेंच ‘एस’ पाहून नंतरच्या पंडितांना वाटलं की हा लॅटिनचा ‘एक्स’ उपसर्गच असणार, आणि त्यांनी तो ‘सुधारला’.

याच कचेरीत पावतीऐवजी खाचा पाडलेल्या लाकडी कांड्या चालत. कांडी उभी चिरून एक भाग खजिन्याकडे आणि एक पैसे देणाऱ्याकडे. दोन्ही जुळल्या की व्यवहार खरा. १८२६ मध्ये ही पद्धत बंद झाली. साठलेल्या कांड्या १८३४ मध्ये संसदेच्या तळघरातल्या भट्ट्यांत जाळायला घेतल्या आणि १६ ऑक्टोबरच्या रात्री वेस्टमिन्स्टरचा जुना राजवाडा त्या आगीत बेचिराख झाला.

९. बँकेचा चेक नेमका कशावरून? आणि अमेरिकेत त्याचं स्पेलिंग वेगळं का?

‘तपासणे’वरून. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला ‘चेक’ म्हणजे पैसे काढण्याच्या चिठ्ठीची स्थळप्रत, म्हणजे फसवणूक होऊ नये म्हणून ताडून पाहायला ठेवलेला तुकडा. हळूहळू नाव स्थळप्रतीवरून सरकून चिठ्ठीलाच लागलं.

तेव्हा स्पेलिंग सी-एच-ई-सी-के असंच होतं, आणि अमेरिकेने तेच ठेवलं. इंग्लंडमध्ये ‘एक्स्चेकर’च्या प्रभावाने सी-एच-ई-क्यू-यू-ई हे रूप पुढे आलं. १८२० च्या दशकात जेम्स विल्यम गिलबार्ट या बँकरने बँकिंगवरच्या आपल्या पुस्तकात हे रूप मुद्दाम वापरलं. त्याची कारणं अशी की त्याने दुसऱ्या अर्थाशी गोंधळ होत नाही आणि राजाच्या खजिन्याच्या नावाशी मेळ बसतो. ब्रिटिश अंमलामुळे तेच आपल्याकडे आलं. भारतात १८८१ चा निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अ‍ॅक्ट हेच स्पेलिंग वापरतो. चेक न वटल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा रकमेच्या दुपटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही, सांगणारं कलम १३८ याच कायद्यात आहे, पण ते १९८८ च्या दुरुस्तीने आलेलं. कॅनडानेही ब्रिटिश रूप धरलं आहे. त्यामुळे न्यू जर्सीहून टोरांटोला बदली झालेल्या मराठी माणसाला स्पेलिंग पुन्हा शाळेतलं लिहावं लागतं.

१०. ‘चेक हा शब्द अरबी सक्क वरून आला’ असं व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतं. खरं आहे का?

‘सक्क’ हा शब्द खरा. अरब व्यापारात लेखी दस्तऐवज, पैसे देण्याचा लेखी आदेश अशा अर्थाने तो चाले. त्याचं अनेकवचन ‘सुकूक’ आज इस्लामी कर्जरोख्यांचं नाव म्हणून ऐकू येतं. तो फारसी ‘चक’वरून अरबीत गेला असं मानतात, त्यामुळे उच्चाराचा मोह पडतो. पण इंग्रजीतला पुरावा दुसरीकडे नेतो: सुरुवातीला ‘चेक’ म्हणजे स्थळप्रत, चिठ्ठी नव्हे (प्रश्न ९). शब्द अरबीतून चिठ्ठीच्या अर्थाने आला असता तर स्थळप्रतीचा टप्पा लागलाच नसता. म्हणून इंग्रजीचे मोठे कोश ही व्युत्पत्ती देत नाहीत. व्यवहाराची कल्पना जुनी आणि पूर्वेकडची असू शकते, आपली हुंडीही तशीच आहे. कल्पनेचं मूळ आणि शब्दाचं मूळ मात्र एकच असावं लागत नाही.

११. अमेरिकेत जेवण झाल्यावर लोक ‘चेक’ मागतात. हॉटेल आपल्याला चेक देणार?

नाही, द्यायचं आपणच. तिथे हॉटेलच्या बिलाला ‘चेक’ म्हणतात. हिशेब ताडून पाहायची चिठ्ठी, हा ‘स्थळप्रत’वाला अर्थ तिथे वेगळ्या दिशेने वाढला. लंडनमध्ये मात्र पुण्यासारखंच ‘बिल’ मागा.

१२. ‘चेक-इन’, ‘चेक-आउट’ आणि ‘रेन चेक’ यांत तपासणी कुठे आहे?

इथे ‘चेक’ म्हणजे बिल्ला किंवा अर्धुक. अमेरिकेत रेल्वेला सामान दिलं की खुणेचा बिल्ला मिळायचा, तो ‘चेक’. सामान सोपवणं म्हणजे ते ‘चेक’ करणं. तिकडच्या नाट्यगृहात कोट ठेवतात त्यालाही हाच शब्द. नोंद करून आत येणं आणि नोंद करून बाहेर पडणं हे त्याच्याच शेजारचं.

‘रेन चेक’ बेसबॉलचा. १८८० च्या दशकात पावसाने सामना बंद पडला तर तिकिटाच्या अर्धुकावर दुसरा सामना बघता येई. आता कुणी जेवायला बोलावलं आणि जमत नसेल तर ‘आज नको, पुढे कधीतरी’ यासाठी तो शब्द वापरतात. आपल्याकडे ‘येऊ एकदा निवांत’ म्हणतात, फक्त त्याचं अर्धुक कुणी जपून ठेवत नाही.

१३. साहेब म्हणाले ‘क्रॉस चेक कर’. चेकवर रेघा मारायच्या की आकडे पुन्हा बघायचे?

बँकेत काम करणाऱ्यांकडून येणारा खरा प्रश्न. उत्तर वाक्यावरून ठरवायचं. ‘क्रॉस चेक’ हे क्रियापद असेल तर दुसऱ्या मार्गाने पडताळा घ्यायचा. नाम असेल, ‘क्रॉस चेक दे’, तर डाव्या कोपऱ्यात दोन समांतर रेघा मारलेला, थेट खिडकीवर रोख न मिळणारा, खात्यातूनच वटणारा चेक. इंग्रजीत दुसऱ्याला ‘क्रॉस्ड’ म्हणतात, आपण तो शेवटचा ‘ड’ खाल्ला आणि गोंधळ विकत घेतला. मराठीत ‘रेखांकित धनादेश’ आणि ‘फेरपडताळणी’ म्हटलं की प्रश्नच मिटतो.

१४. मुलुंड चेकनाका, दहिसर चेकनाका यांतला चेक कोणता?

तपासणीचा. ‘नाका’ आपला, ‘चेक’ त्यांचा. वेशीवर गाड्या थांबवून माल तपासायची आणि जकात वसूल करायची जागा. अडवणं आणि तपासणं हे दोन्ही जुने अर्थ (प्रश्न ६) इथे एका दांड्यापाशी उभे असत. जकात गेली, नाव बसथांब्यावर राहिलं.

१५. चेक प्रजासत्ताकाचा या सगळ्याशी काही संबंध?

काडीचाही नाही. ते त्या लोकांचं स्वतःचं नाव आहे. दंतकथेत त्यांच्या मूळपुरुषाचं नाव ‘चेख’ असं आहे. इंग्रजीत त्याचं स्पेलिंग सी-झेड-ई-सी-एच असं अवघड दिसतं कारण ते पोलिश पद्धतीचं आहे. पोलिशमध्ये ‘सी-झेड’ म्हणजे ‘च’. चेक लोक स्वतः ‘सी’वर उलटी टोपी घालून काम भागवतात. देवनागरीत मात्र देश, कापड आणि बँक तिन्ही एकाच रूपात येतात, म्हणून ‘चेक चलन’ असा मथळा दोनदा वाचावा लागतो.

१६. शहा आडनाव, शहाणा, शहर, शहाजी... हे सगळे ‘शाह’चे नातलग का?

काही आहेत, काही नाहीत. एकेक घेऊ.

बादशहा, शहेनशहा: उघडच आहेत. शहाजी: परंपरेनुसार मालोजीराजांनी अहमदनगरच्या शहा शरीफ या पिराच्या नावावरून मुलांची नावं शहाजी आणि शरीफजी ठेवली. पिराच्या नावातला ‘शहा’ हा राजावरून आलेला मानाचा शब्द, म्हणून हेही नातं खरं.

गुजराती-जैन ‘शहा’ आडनाव: बहुतेक वेळा नाही. ते संस्कृत ‘साधु’वरून ‘साहू’, ‘साह’ असं आलं, सचोटीचा व्यापारी या अर्थाने. ‘सावकार’मधला ‘साव’ तोच.

शहाणा: नाही. तो ‘सज्ञान’चा वंशज.

शहर: हो, पण दूरचा. ‘शाह’ आणि ‘शहर’ हे दोन्ही प्राचीन फारसीत ‘राज्य करणे’ या एकाच धातूवरून आले. संस्कृतमध्ये त्याच धातूचं भावंड ‘क्षत्र’मध्ये आहे आणि ‘क्षत्रिय’मध्येही. म्हणजे मूळ कुळाचा धागा धरला तर इंग्रज माणूस चेक फाडतो तेव्हा क्षत्रियांचा एक लांबचा भाऊबंद त्याच्या हातात असतो.

१७. मराठीत लिहिताना ‘चेक’ ठेवावा की बदलावा?

बोलताना ठेवा, कुणाचं अडत नाही. ‘चेक वटला’ हे तर अस्सल मराठी वाक्य झालं आहे, ‘वटणे’ने त्याला आपलंसं केलं. लेखी मजकुरात एकाच परिच्छेदात दोन अर्थ येत असतील तर एक बदला: बँकेचा तो ‘धनादेश’, दुसरं ‘तपासणे’. ‘धनादेश चेक केला’ चालेल, ‘चेक चेक केला’ कानाला खटकतं. बुद्धिबळावर लिहिताना मात्र ‘शह’च लिहा.

१८. मुलं खेळतात त्या ‘चायनीज चेकर्स’मध्ये चौकडे कुठे आहेत?

कुठेच नाहीत, आणि तो चिनीही नाही. अमेरिकेत ‘चेकर्स’ हे चौकड्यांच्या पटावर सोंगट्यांनी खेळायच्या खेळाचं नाव, ब्रिटनमध्ये त्यालाच ‘ड्राफ्ट्स’ म्हणतात. चांदणीच्या आकाराच्या पटावरचा हा खेळ १८९२ मध्ये जर्मनीत ‘श्टर्न-हाल्मा’ या नावाने निघाला. १९२८ मध्ये अमेरिकेत विकायला आला तेव्हा दुकानात उठून दिसावा म्हणून त्याला चिनी नाव चिकटवलं, आणि शेपटाला ओळखीचा ‘चेकर्स’ जोडला.